एमजीबीची सर्व्हिसिंग घरच्या घरी: आधी टॅपेट, मग करंट, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

गाडी मिसिंग मारायला लागली की माणसाचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. का ते माहीत नाही, पण जातोच. माझाही गेला होता. एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली त्याच उन्हाळ्यात चढावर गचके द्यायला लागली, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन्ही कार्ब्युरेटर फिरवत बसलो, शनिवार गेला, रविवार गेला, आणि सोमवारी संध्याकाळी कळलं की डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना करंट वाटणारा डबा) पॉइंटचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचा, गॅप जवळजवळ मिटलेला होता. पुण्याला फोन करून बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. त्यांनी वीस वर्षं फियाट चालवलीये. म्हणाले, "अरे आधी करंट बघायचा, मग पेट्रोल, एवढं पण माहीत नाही होय तुला!" तर हे सगळं लिहितोय ते अशा माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी हौसेने जुनी स्पोर्ट्स कार घेतलीये किंवा घ्यायच्या विचारात आहेत आणि ज्यांचा पाना धरायचा अनुभव सायकलच्या पुढे गेलेला नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. एमजीबी १९६२ साली आली आणि ऑक्टोबर १९८० मधे ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला तोपर्यंत बनत राहिली, पाच लाखांच्या वर बनल्या. १७९८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, टप काढला की उघडी. माझी १९७० ची आहे आणि मी राहतो इंग्लंडमधे लेस्टरजवळ, त्यामुळे जे सांगतोय ते क्रोमचे बंपर असलेल्या गाडीबद्दल आहे. १९७४ च्या शेवटापासून काळे रबरी बंपर आले आणि गाडी थोडी उंच झाली, तिच्यातही बहुतेक गोष्टी तशाच आहेत पण आकडे स्वतःच्या इंजिन नंबरप्रमाणे मॅन्युअलमधे बघून घ्या. शिकायला याच्यापेक्षा चांगली जुनी गाडी मिळणार नाही असं माझं मत आहे, कारण बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते, हात जातो, आणि पार्ट जवळजवळ सगळे नवीन मिळतात. अख्खी बॉडी शेलसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज जुन्याच डाय वापरून बनवते.

पहिली खरेदी पान्यांची. आपल्याकडे १०-११, १२-१३ चे पाने घरात असतात, ते इथे चालत नाहीत. या गाडीचे नट इंचातले आहेत. ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४ एवढे चार आकडे असले तरी नव्वद टक्के काम होतं. आता १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना बसतो, आणि बसतो म्हणून लोक वापरतात, आणि मग गंजलेल्या नटाचे कोपरे गोल झाले की डोक्याला हात लावून बसतात. मीही बसलोय. बाकी फीलर गेज, ग्रीस गन, टाइमिंग लाइट आणि एक साधा मल्टिमीटर, एवढं घ्या. आणि दोन चांगल्या भक्कम घोड्या, म्हणजे जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी डोकं घालू नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

जॅक लावताना एक गोष्ट फुकटात तपासून होते. दार बंद करा, दाराची मागची फट बघून ठेवा, मग बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून ती बाजू उचला आणि फट परत बघा, दार उघडून लावून बघा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर दाराखालचा सिल आतून सडलाय. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, सगळा जोर त्या सिलवर असतो, आणि सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नाही, आत आणखी दोन पत्रे आहेत. बरेच जण सडलेल्यावर वरून नवा पत्रा वेल्ड करून, लांबी भरून, रंग मारून गाडी विकतात. लोहचुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. आणि उघड्या गाडीचा सिल कापायची वेळ आलीच तर दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू वेल्ड केल्याशिवाय कोणालाही कापू देऊ नका, गाडी मधून वाकते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. हे काम घरचं नाहीच. घरचं काम एवढंच की चाकाच्या कमानीत आणि फेंडरच्या मागे साठलेला चिखल वर्षातून दोनदा पाइपने धुऊन काढायचा आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चिखलात ते मीठ बसतं, आणि पत्रा पावसाने जेवढा सडत नाही तेवढा या मिठाने सडतो.

आता ऑइल. २०डब्ल्यू५० मिनरल, दर ३००० मैलांना म्हणजे साधारण ४८०० किलोमीटरला, आणि तेवढी चालली नाही तरी वर्षातून एकदा. नव्या गाडीचं पातळ सिंथेटिक महाग आहे म्हणून चांगलं असेल असं समजून घालू नका. या इंजिनाच्या टॅपेट (वाल्व्ह उघडायला ढकलणारे तुकडे) कॅमवर घासत चालतात आणि त्यांना ऑइलमधलं झिंक लागतं, जुन्या गाड्यांसाठी वेगळं ऑइल मिळतं त्यात ते जास्त असतं. इंजिन गरम असताना काढा, पण फार गरम नको, नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतो. फिल्टर डबीवाला असेल तर त्याच्या खाचेत एक रबरी रिंग असते, ती जुनी रिंग वर्षानुवर्षं दाबली जाऊन इतकी कडक आणि काळी होते की ती खाचेचाच भाग वाटते. मी पहिल्यांदा जुनीवरच नवी बसवली. इंजिन चालू केलं, मोठ्या कौतुकाने खाली वाकून बघतो तर नवीन ऑइलची धार ड्राइव्हवेवर. तेव्हा टोच्याने ती खाच खरवडून बघा, रिंग निघाली म्हणजे निघाली. गाडी तापल्यावर धावताना ऑइल प्रेशर ५० च्या वर आणि उभी असताना १५ ते २५ दाखवत असेल तर काळजी नको.

गिअरबॉक्समधे पण हेच इंजिन ऑइल जातं, २०डब्ल्यू५०. हे खूप जणांना पटत नाही, गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑइल असं डोक्यात बसलेलं असतं. ओव्हरड्राइव्हवाली (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) गाडी असेल तर ओव्हरड्राइव्ह त्याच ऑइलवर चालतो, त्यात घट्ट गिअर ऑइल किंवा कसलंही घर्षण कमी करणारं जादूचं औषध घातलं की तो घसरायला लागतो. मागच्या डिफरन्शियलला मात्र ईपी ९० हे गिअर ऑइल लागतं. दोन डबे शेजारी ठेवू नका एवढंच सांगतो.

चला आता मुख्य गोष्ट, ट्यूनिंग. क्रम मोडायचा नाही: टॅपेट (म्हणजे वाल्व्हचा गॅप), प्लग, पॉइंट, टाइमिंग (म्हणजे स्पार्क कधी पडतो ते), आणि मग कार्ब्युरेटर. कारण आधीचं चुकीचं असेल तर पुढचं कधीच बरोबर लागत नाही, लागल्यासारखं फक्त वाटतं.

टॅपेट थंड इंजिनावर करायचे, म्हणजे गाडी रात्रभर उभी पाहिजे. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, गाडी चौथ्या गिअरमधे टाकून हळूहळू पुढे ढकलली की वाल्व्ह वरखाली होताना दिसतात. आठ वाल्व्ह आहेत, पुढून मागे १ ते ८ मोजा. हिशोब नऊचा: ८ नंबर पूर्ण दाबलेला असेल तेव्हा १ नंबर सेट करायचा, ७ दाबलेला असेल तेव्हा २, म्हणजे बेरीज ९ आली पाहिजे. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की ती बोनेटपाशी उभी राहून "तीन दाबलाय, सहा कर" असं ओरडत होती, आणि एकदाही चुकली नाही. गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फीलर गेज आत जाताना हलकंसं ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, वहीतून पान ओढताना लागतं तेवढं. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा. गॅप बरोबर लावूनही एखादा टॅपेट टकटक करतच राहिला तर वाल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असतो, फीलरची पट्टी त्या खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखी आडवी जाते आणि खोटा गॅप दाखवते. आणि वरचं झाकण बसवताना दोन नट जीव खाऊन आवळू नका, खालचा कॉर्क चिरडतो आणि मग कितीही आवळा, गळतंच.

प्लगचा गॅप ०.०२५ इंच. काढलेले प्लग कुठल्या सिलिंडरचे ते लक्षात ठेवून ओळीने मांडा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर छान, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, ओलसर तेलकट काळा असेल तर मात्र ऑइल वर येतंय आणि तो वेगळा, महागडा विषय आहे.

पॉइंटसाठी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, रोटर ओढून काढा, आणि आतला कॅम फिरून पॉइंट जास्तीत जास्त उघडे असतील तिथे थांबवा. गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच. पॉइंटच्या एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर घासत बसू नका, नवे घाला. बाबा म्हणतात ते काडेपेटीच्या कडेवर घासायचे आणि गाडी चालायची, चालायची हे खरं, पण ती पण घरी पोचण्यापुरतीच. कॅमवर ग्रीसचा ठिपका, रोटरच्या खाली शाफ्टवर ऑइलचे दोन थेंब, यापेक्षा एकही थेंब जास्त नको, नाहीतर तो पॉइंटवर उडतो. जोडणीचा क्रम १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलटा फिरतो. रोटरवरून आठवलं, हल्ली जे स्वस्तातले नवे रोटर मिळतात त्यातल्या काहींना वरच्या पितळी पट्टीला रिव्हेट असतो आणि त्या रिव्हेटमधून करंट खाली शाफ्टला उडतो, गाडी बंद पडते, थंड झाल्यावर परत चालू होते, माणूस वेडा होतो. बिनरिव्हेटचा घ्या, चार पैसे जास्त द्या, आणि जुना चालता रोटर फेकू नका, डिकीत ठेवा.

बरेच जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. वाईट काही नाही त्यात. मी नाही बसवलं कारण पॉइंट खराब होताना आधी सांगतात, ते इलेक्ट्रॉनिक डबडं काही न सांगता एकदम जातं आणि रस्त्याच्या कडेला फीलर गेजने दुरुस्त होत नाही. ज्याची त्याची आवड.

टाइमिंग माझ्या गाडीला इंजिन बंद असताना पिस्टन वर यायच्या आधी १० डिग्री आहे. टाइमिंग लाइट लावून रेस वाढवली की खूण सरकायला पाहिजे, सरकली नाही तर आतले वजनाचे स्प्रिंग अडकलेत. आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून बघा, पॉइंटची प्लेट हलली पाहिजे आणि जीभ पाइपवर ठेवली की ओढ टिकली पाहिजे. ओढ सुटली तर आतला पडदा फाटलाय. हो, पाइप आधी पुसून घ्या.

आता कार्ब्युरेटर. एसयू कार्ब्युरेटरला आपल्याकडच्या मेकॅनिकने उगाच बदनाम केलंय, आत फार काही नाहीये. वर घंटेसारखा डबा, त्याच्या आत वरखाली होणारा पिस्टन, पिस्टनला सुई, सुई खालच्या जेटमधे. इंजिनाने हवा जास्त ओढली की पिस्टन उचलला जातो, सुई वर येते, पेट्रोल जास्त जातं. पिस्टन एकदम उडू नये म्हणून वरच्या नळीत ऑइल असतं, काळी टोपी फिरवून काढली की पितळी काठी बाहेर येते. गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळत असेल तर सगळ्यात आधी हे ऑइल बघा, पन्नास टक्के वेळा तिथे ऑइलच नसतं. टोपी परत घालताना चढायच्या थोडं आधी काठीला ऑइलचा विरोध लागला पाहिजे, मग पातळी ठीक आहे.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे बघायला यंत्र मिळतं, पण मी फुटभर रबरी नळी वापरतो. एअर फिल्टर काढायचे, नळीचं एक टोक कानात, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग तसंच दुसऱ्याच्या तोंडाशी, दरवेळी त्याच जागी धरून. स्सस्स असा आवाज येतो. एकाचा मोठा आणि दुसऱ्याचा बारीक असेल तर दोघांच्या मधल्या शाफ्टचे क्लिप सैल करून आयडलचे स्क्रू पाव पाव फेरा फिरवत आवाज जुळवायचा, आणि जुळल्यावर क्लिप परत आवळायचे. सुरुवातीला दोन्ही आवाज सारखेच वाटतात. तंबोरा लावताना जसं होतं ना, कान बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की अर्ध्या मिनिटाचं काम.

मग मिश्रण. जुन्या एचएस४ मॉडेलच्या एसयू कार्ब्युरेटरमधे खाली जेटचा षटकोनी नट असतो, वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. एका वेळी एकच बाजू, म्हणजे सहा बाजूंपैकी एक. सगळंच बिघडवून ठेवलं असेल तर जेट वरपर्यंत नेऊन मग पूर्ण दोन फेरे, म्हणजे बारा बाजू, खाली आणा, तिथून गाडी चालू तरी होते. इंजिन चांगलं गरम झाल्यावर कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने अगदी जरासा, मिलिमीटरपेक्षाही कमी, वर दाबा म्हणजे पिस्टन उचलला जाईल. इंजिन क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. वाढलं आणि वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त आहे. पडायला लागलं तर कमी आहे. एवढ्या साध्या परीक्षेवर कार्ब्युरेटर लागतो. किती फिरवूनही लागत नसेल तर थ्रॉटलचा शाफ्ट झिजून बाजूने हवा आत येतीये, शाफ्टच्या टोकाला थोडंसं ऑइल लावून बघा, इंजिनाचा आवाज बदलला तर तेच.

वायरिंग. लुकास या कंपनीच्या वायरिंगवर इंग्रज लोकांचे इतके विनोद आहेत की वेगळं पान लागेल, पण वायरचे रंग एकदा पाठ केले की निम्मं भूत उतरतं: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी इग्निशन चालू असताना फ्यूजमधून, जांभळी कायम फ्यूजमधून, निळी हेडलाइट, लाल साइड लाइट, आणि काळी अर्थ. बिघाड मला आजवर सापडले ते बहुतेक काळ्या वायरच्या टोकाला. स्क्रू काढा, घासपेपरने पत्रा आणि टोक चकाकेपर्यंत घासा, व्हॅसलीन लावून परत आवळा. इंडिकेटर लावला की दुसऱ्या बाजूचा दिवा मंद होतो, हॉर्न मारला की काटा हलतो, हे सगळे अर्थचे खेळ.

यातलाच एक किस्सा. एमजीबीचा क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, ते काही मला घरी जमणारं नव्हतं म्हणून एका गॅरेजला दिलं. गाडी घरी आली, दुसऱ्या दिवशी थंडीत स्टार्टर मारला तर ढिम्म फिरेना, हळूहळू ऊंऊंऊं, आणि डॅशबोर्डच्या खालून धूर. चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापलेली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामधे एक विणलेली जाड अर्थची पट्टी असते, ती परत लावायची त्यांच्याकडून राहिली होती, मग स्टार्टरचा सगळा करंट बिचारी चोकची केबल वाहत होती. तेव्हा इंजिन काढायचं कुठलंही काम झालं की घरी आणायच्या आधी वाकून ती पट्टी बघा. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब आहे. क्लचचं बोलतोय तर हेही, या गाडीचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची आपली मुंबई-पुण्याची सवय त्याला खाते. न्यूट्रल करा, पाय काढा.

मागून टिकटिकटिक आवाज येतो तो पेट्रोल पंपाचा, मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की थोडा वेळ टिकटिक करून थांबला पाहिजे. थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळतंय किंवा हवा ओढतोय, आणि टिकटिकच येत नसेल तर बुटाच्या टाचेने पंपाला एक हलका ठोका द्या, बहुधा चालू होतो. हा इलाज नाही, घरी जायचं तिकीट आहे, नवीन पॉइंट किंवा पंप मागवा.

पेट्रोलचे रबरी पाइप बघा. ब्रिटनमधे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि जुन्या रबराला ते आतून मऊ करतं. मी महागडं सुपर घालतो, ते ई५ असतं, आणि सगळे पाइप इथेनॉल चालणारे, आर९ छापलेले, बदलून टाकलेत. पाइप बोटांमधे वाकवून बघा, केसासारख्या भेगा दिसल्या तर आजच बदला, एक्झॉस्ट तिथून वितभर अंतरावर आहे. भारतात तर आता ई२० आहे, ज्यांच्या घरी जुनी पद्मिनी किंवा हेराल्ड उभी आहे त्यांनी हे काम माझ्याही आधी करायला हवं.

ग्रीस हे या गाडीतलं सगळ्यात दुर्लक्षित काम, कारण ते दिसत नाही. पुढच्या प्रत्येक चाकामागे तीन निपल आहेत, हँडब्रेकच्या केबलवर एक, आणि बऱ्याच गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक. चाक हवेत उचलून, निपल पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत गन मारत राहा. दर ३००० मैलांना, ऑइलबरोबरच. निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदला, स्वस्त आहे, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बदलायचा खर्च ऐकला तर लगेच पटेल.

ब्रेकचं ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी पूर्ण बदला. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. मागच्या ड्रमला प्लेटवर चौकोनी ॲडजस्टर असतो, चाक जॅम होईपर्यंत आवळायचा आणि मग मोकळं फिरेपर्यंत उलटा. तो बहुधा गंजून बसलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नीट बसणारा चौकोनी पानाच वापरा. पुढच्या चाकाचा ब्रेक लागतो पण पाय काढल्यावर सुटत नाही असं झालं तर सगळे आधी कॅलिपर बदलतात, तर आधी तो रबरी पाइप बदला, तो आतून सुजून बंद होतो, बाहेरून मात्र नवाकोरा दिसतो.

तारेची चाकं असतील तर दर काही महिन्यांनी एक स्पोक धरून सगळ्यांवर बारीक पान्याने टण टण वाजवत जा, जो थड वाजतो तो सैल. चाक काढलं की आतल्या दातांना ग्रीस. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, दहा वर्षांच्या वर गेले असतील तर नक्षी कितीही छान असली तरी काढून टाका. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाहीये, मी तरी दरवर्षी करून घेतो, कारण गाडीखाली दुसऱ्या कोणाची नजर गेलेली बरी.

शेवटचं काम नोव्हेंबरमधलं. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की माझी गाडी आत जाते. टाकी काठोकाठ भरायची म्हणजे आत हवेतलं पाणी जमत नाही, ऑइल आत ठेवतानाच बदलायचं, मार्चमधे नाही, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. कूलंटमधे निळं ग्लायकॉलवालं अँटिफ्रीझ, दोन वर्षांच्या आतलं. टायरमधे ४० पर्यंत हवा. हँडब्रेक मोकळा ठेवून चाकाला लाकडी ठोकळे, आणि क्लचचं पेडल एका काठीने दाबून ठेवायचं, नाहीतर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. सीटच्या मागे दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत, त्यांना बारीक चार्जर. आणि कृपा करून दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करू नका, शेजारचे काका तेच करतात, त्याने सायलेन्सरमधे पाणी साठतं आणि ऑइलमधे पण. कोरडा रस्ता मिळाला तर वीस मैल नीट फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका.

मार्चमधे बाहेर काढताना एकदम किल्ली फिरवायची घाई नको. क्लचची काठी काढा (मी एकदा विसरलो आणि दहा मिनिटं गिअर का पडत नाही म्हणून शोधत होतो), टायरची हवा कमी करून रोजच्याएवढी करा, ब्रेकवर पाय देऊन पेडल कडक लागतंय ना बघा. मग कॉइलची बारीक पांढरी वायर काढून ठेवा आणि स्टार्टर पाच पाच सेकंद मारा, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. काटा हलला की वायर परत लावा, पंपाची टिकटिक थांबू द्या, चोक पूर्ण ओढा, आणि आता मारा.